दुसरं नाक

"जळकं येतंय का गं?" असं नागसेन सोनकांबळेनं विचारलं, आणि पार्वतीनं ताटातल्या तांदळातून मान वर न करता म्हटलं, "हाव." बस्स, एवढंच. ना तिनं नाक वर केलं, ना श्वास ओढून बघितला. बोट तांदळात फिरत होतं ते फिरतच राहिलं, एक खडा निघाला, तो तिनं उंबऱ्याबाहेर टाकला. नांदेडात, तरोड्याच्या त्या दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात, एप्रिलच्या सकाळी, एवढ्याशा 'हाव'नं नागसेन घाबरला. कारण हा 'हाव' त्याच्या ओळखीचा होता. कंधारकडच्या गावी त्याचा बाप ग्यानोबा शेवटी शेवटी ओट्यावर बसून विचारायचा, "बैलं सोडले का रे?" आणि येणारा-जाणारा म्हणायचा, "हाव, सोडले की." ग्यानोबाच्या दावणीला जन्मात बैल नव्हते, दुसऱ्यांच्या बैलांमागं त्याचा जन्म गेला होता. पण डोकं फिरल्यावर त्याला स्वतःचे दोन बैल आले, एक ढवळा, एक जरा मारका, आणि ते संध्याकाळी सोडले की नाही याचा त्याला घोर लागायचा. नागसेन रजेवर घरी आला की तोही म्हणायचा, "हाव, बाबा." म्हणताना भलतीकडं बघायचा. म्हाताऱ्याची समजूत निघायची आणि आपल्याला पुन्हा आपलं काम करता यायचं. आता तोच 'हाव' फिरून त्याच्या पदरात पडला होता, आणि तोही पार्वतीकडून. म्हणजे आपली पाळी आली म्हणायची, असं त्याला वाटलं.

नाकाची गोष्ट अशी. साथीच्या त्या वाईट वर्षात नागसेनला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. चहाचा वास नाही, फोडणीचा नाही, दारापुढच्या गटाराचासुद्धा नाही. तो डोळ्यांनी जेवायचा. ताटात पिवळं दिसलं की पिठलं. रोज निजताना पार्वती जवसाच्या तेलात लसूण कडवून त्याच्या गुडघ्यांना चोळायची आणि वरून जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायची. त्या तेलाचा दर्प एवढा, की शेजारची आरती भिंतीपलीकडून हाक मारायची, "मावशी, काय शिजवून राहिल्या?" नागसेनला मात्र त्याचा पत्ता नाही. ज्या माणसानं नाकाच्या जिवावर खाणीत तीस वर्षं भाकरी खाल्ली त्याची ही गत. कधी कधी तो रात्री हळूच पार्वतीच्या केसांजवळ तोंड न्यायचा आणि ओढून बघायचा. काही नाही. पाण्यासारखं काही नाही. याची त्याला फार लाज वाटायची आणि फार वाईटही वाटायचं, पण हे कोणाला सांगणार?

आणि मग एका दुपारी, जेवून तो खाटेवर आडवा झाला असताना, तो वास आला. आधी गोडसर, मग त्याच्या पोटात रॉकेलसारखं काहीतरी, तेलकट, कोंदट. नागसेन ताडकन उठून बसला. इतक्या दिवसांनी पहिला वास, आणि तो हा! चहा यायचा सोडून, बायकोच्या हातचा ठेचा यायचा सोडून, आला तर खाणीतला वास आला. कोळसा काढून झाल्यावर मागं जी पोकळी उरते, तिच्यात चुरा राहतो, तो चुरा हळूहळू आपसूक तापायला लागला की पहिल्यांदा येतो तो. धूर नंतर, जाळ त्याच्याही नंतर. हा वास आला आणि आपण गप्प बसलो तर पाळीवरची माणसं गेली, असं शिकवून शिकवून त्याच्या हाडात भिनलेलं होतं. त्यानं घर पालथं घातलं. सिलिंडर हुंगलं, विजेचा बोर्ड हुंगला, मागच्या पडवीतला पाणी तापवायचा बंब हुंगला. भिंतींना हाताची पाठ लावून बघितली. पण एप्रिलात नांदेडच्या भिंती सगळ्याच तापलेल्या, त्यात कळणार काय? माळ्यावर चढायला गुडघे तयार नव्हते. आणि माळ्यावर असणार तरी काय? पार्वती टाकाऊ म्हणून काही फेकत नाही, तिचं जुनंपानं. कोळशाचा तर घरात खडा नव्हता.

नाकाच्या डॉक्टरकडं गेला तर तो पोरसवदा डॉक्टर म्हणाला, "काका, असं होतं. नाक कधी कधी नसलेला वास देतं. म्हणजे वास इथं नसतो, इथं असतो," आणि त्यानं पेनाचं टोक आधी नाकाला आणि मग कपाळाला लावलं. कपाळाला लावलेलं ते टोक नागसेनला फार लागलं. लेक लुंबिनी नायगावला तलाठी आहे. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या सरकारी सुरात निकाल दिला, "बाबा, सोमवारी मेंदूचा फोटो काढू. अन् मग तुमी दोघंबी माझ्याकडंच राहा. घराला कुलूप लावू. तुमी रात्री उठून सिलिंडर उघडझाक करून राहिले, आई सांगती." आई सांगते! म्हणजे दोघींचं आधीच ठरलं होतं. घर बंद होणार, आणि आपल्याला एका खोलीत बसवून सगळे 'हाव, हाव' म्हणणार. नागसेनला राग आला, मग भीती वाटली, मग वाटलं की खरंच असेल. तिसरं सगळ्यात वाईट होतं.

म्हणून त्या सकाळी, त्या 'हाव'नंतर, त्यानं सदरा चढवला आणि म्हणाला, "लातूरला जातो. पंचाक्षरीकडं." पार्वतीनं आता मात्र मान वर केली. "इतक्या उन्हात? काय आडलंय?" काय आडलंय ते तिला कसं सांगावं, हे त्याला कळेना. तो म्हणाला, "आसंच." ती उठली, माळ्याखालच्या खुंटीवरची दस्ती काढली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. "डोक्याला बांधा. अन् फोन उचलत जा." बाहेर पडल्यावर त्यानं वळून बघितलं तर ती दारात उभी राहून पत्र्याकडं बघत होती. काय बघत होती कोण जाणे. त्याला वाटलं, आपल्याकडं बघवत नसेल म्हणून वर बघतेय.

पंचाक्षरी म्हणजे दुसरं नाक. हे त्या दोघांशिवाय कुणाला कळायचं नाही. वणीकडच्या त्या खाणीत आगीच्या तुकडीत दोघं एकत्र होते. आगीची तुकडी म्हणजे आग विझवणारी असं लोकांना वाटतं. जमिनीखाली आग विझवत नाहीत, कोंडतात. पंचाक्षरी उदगीरकडचा लिंगायत, उंच, वाकून चालायचा, तोंडात अर्धं कानडी. नागसेन बुटका. त्यांचा नियम असा होता की एकाच्या नाकावर कधी आग ठरवायची नाही. एकाला वास आला की त्यानं गप्प राहायचं, दुसऱ्याला बोलवायचं, जरा फिरवून आणायचं आणि त्या जागी उभं करून एवढंच विचारायचं, "एन बर्तद?" म्हणजे, काय येतंय? वासाचं नाव घ्यायचं नाही. 'जळकं येतंय का' म्हणायचं नाही, 'रॉकेल येतंय का' तर नाहीच नाही. कारण एकदा तुकडीच्या सरदारानंच सगळ्यांना ओरडून विचारलं होतं, "रॉकेलचा वास येतोय का रे?" आणि झालं, ज्याला त्याला रॉकेल यायला लागलं. एकाचं डोकं दुखलं, एकानं तर ओकारी काढली. पाळीवरची माणसं वर काढली, पंखे तपासले, साहेब लोक धावत आले, आणि निघालं काय? सरदारानं त्या दिवशी डोक्याला नवं कसलंतरी तेल लावलं होतं. वासाचं नाव घेतलं की माणूस नाकानं हुंगत नाही, कानानं हुंगतो, असं पंचाक्षरी म्हणायचा. आणि पंचाक्षरीचं एक होतं, तो कुणाच्या मनासारखं बोलायचा नाही. 'इल्ला', म्हणजे नाही, म्हणायची त्याला हौसच. साहेबाच्या पोरीच्या लग्नात साहेबानं स्वतः येऊन विचारलं, लाडू कसे झाले, तर हा भर पंगतीत म्हणाला, "खवट लागतंय." खोटा 'हाव' त्या तोंडातून निघत नव्हता. म्हणून तर त्याच्याकडं जायचं. त्याला शेजारी बसवायचं आणि वास आला की विचारायचं. तो नाही म्हणाला तर नाही. मग सोमवारी फोटो काढू, कुलूप लावू, बैल सोडू.

बस लोह्याच्या पुढं निघाली तेव्हा ऊन खिडकीतून मांडीवर आलं होतं. नागसेननं दस्तीनं तोंड पुसलं, मान पुसली, आणि वास आला. भरल्या बसमध्ये, धावत्या बसमध्ये! घरात येत होता तोवर निदान घराचा असेल असा आधार होता. आता तो बसमध्येही आला म्हणजे तो आपल्याबरोबर फिरतोय. पेन कपाळाला लावणारा तो पोरगा खरा ठरला. शेजारी एक बाई नातवंडाला घेऊन बसली होती, तिला विचारावं असं त्याच्या जिभेवर आलं, पण विचारणार काय आणि ती म्हणणार काय? 'हाव, बाबा' म्हणणार. माळेगाव मागं पडलं. त्यानं पुन्हा घाम पुसला, पुन्हा तो आला, आणि त्याच्या मागून खाणीतला बंद केलेला भाग सगळाच डोळ्यांपुढं आला. टोपीवरच्या दिव्याचा पिवळा डाग, पायाखाली चिखल, आणि समोर दगडी कोळशाच्या भिंतीवर बारीक बारीक पाणी. "घामली," पंचाक्षरी म्हणायचा. भिंत घामली म्हणजे आतला भाग तापला. मग पोती, आधी वाळूची पोती छतापर्यंत, त्यामागं विटा, विटांना सिमेंट, आणि कडा. कडा फार महत्त्वाच्या. भिंत मधे कितीही जाड बांधा, वारं कडेनं शिरतं. वारं मिळालं की आत पडलेला विस्तव डोळे उघडतो. पंचाक्षरी कडांना हातानं लिंपायचा, गवंड्याच्या करणीनं नाही, आणि नागसेन मागून खडूची भुकटी धरून बघायचा, कुठं आत ओढली जाते का. संध्याकाळी भिंत बाहेर फुंकायची, सकाळी आत ओढायची. बंद केलेली खाण श्वास घेते हे वर कुणाला सांगितलं तर लोक हसायचे. पार्वतीला सांगितलं होतं तेव्हा ती हसली नव्हती. ती म्हणाली होती, "मग ती झोपली का मेली?" एकदा भिंत बांधली की उघडायची नाही, आतल्या हवेचे नमुने सांगतील तोवर नाही, महिने जाऊ देत. उघडून बघायची घाई ज्यानं केली त्यानं आग जिवंत केली. आणि पाणी तर टाकायचंच नाही, भलत्याच वायूचा भडका होतो. थांबायचं. माणसाला थांबण्याइतकं अवघड काही नसतं.

अहमदपूरच्या स्टँडवर कंडक्टरनं चहाला गाडी थांबवली. नागसेननं जागेवर दस्ती टाकली, म्हणजे जागा धरली, आणि खाली उतरला. चहा प्याला, चहाला नेहमीसारखा काही वास नव्हता. आणि तोही नव्हता. तो परत आला तर बसमध्ये गर्दी उसळलेली, एक माणूस म्हणत होता, "रुमाल कुणाचा हाय, कुणाचा हाय?" नागसेननं "माझा, माझा" म्हणत त्याला बाजूला सारलं आणि गुडघे सांभाळत तो रुमालावरच बसला. चाकूर आलं, गेलं. वास नाही. त्यानं मुद्दाम ओढून बघितलं. नाही. आता हा कुठं गेला? आला तेव्हा वाटलं डोकं गेलं, गेला तेव्हाही वाटलं डोकंच गेलं. असला कसला वास, तिकीट काढून अहमदपूरपर्यंत येतो आणि उतरून जातो? त्याला हसू आलं आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. ग्यानोबाही एकटाच हसायचा, मारक्या बैलानं कुणाला ढुशी दिली म्हणून.

लातूरला पंचाक्षरीच्या घरी त्याची सून मनिषानं दार उघडलं. "या काका, बसा. मामा आतच हायत. बोलायला लई कमी झालेत, पण ऐकतात." पंचाक्षरी खुर्चीत बसला होता, अंगावर नुसता बनियन, गळ्यात लिंगाची पेटी, दंडाची कातडी सुटलेली. नागसेननं दारातूनच हात जोडले. "जय भीम, पंच्या." "शरणार्थ," म्हातारा म्हणाला आणि वरपासून खालपर्यंत बघत राहिला. "बारीक झालास. बायको घालत न्हाई का खायाला?" आवाज तोच होता. मनिषानं पाणी दिलं, चहा ठेवायला गेली. नागसेन त्याच्यापुढं खुर्ची ओढून बसला. मघापासून वास नव्हता. पण नाकाचा काय भरवसा? असेलही. हुंगायचं काम आता त्याचं. गुडघ्याला गुडघा लावून, जसं खाली अंधारात बसायचे तसं बसून, त्यानं विचारलं, "एन बर्तद?"

पंचाक्षरीचे डोळे बदलले. किती वर्षांनी तो प्रश्न त्याला कुणी विचारला होता. त्यानं हनुवटी वर केली, तोंड मिटलं आणि आधी डाव्या, मग उजव्या बाजूला मान फिरवून हळू ओढलं. थांबला. पुन्हा ओढलं. आतून मनिषा काहीतरी बोलली, तिला म्हाताऱ्यानं हातानं गप्प केलं. मग तो म्हणाला, "चहात आलं टाकलंय. तू घामटलास. बाकी इल्ला."

"न्हाई?"

"इल्ला म्हनलं ना!"

झालं तर मग. नागसेन मागं टेकला. ज्यासाठी आला ते मिळालं होतं, चोख, खऱ्या माणसाकडून. दुसऱ्या नाकानं नाही म्हटलं, आग नाही. वर लिहायचं, सगळं ठीक. पण त्याला धायमोकलून रडावंसं वाटलं. त्यानं पंचाक्षरीला सगळं सांगून टाकलं, नाक कसं गेलं ते, वास कसा आला ते, डॉक्टरचं पेन, लुंबिनीचं सोमवारचं, आणि बापाचे बैल. "माझंबी तेच झालंय पंच्या. घरी आसताना येतो, बसमधी आला, आता न्हाई. पार्वती तर सरळ हाव म्हणती. ग्यानोबाला म्हणायचो तसं."

पंचाक्षरी पुढं वाकला. मग म्हणाला, "तिला इचारलं कसं?"

"कसं म्हंजे? इचारलं, जळकं येतंय का गं."

"नाव घेऊन इचारलं?" म्हाताऱ्यानं खुर्चीच्या हातावर थाप मारली. एवढा जोर त्याच्यात उरलाय असं मनिषालाही ठाऊक नसावं, ती चहा घेऊन दारातच थबकली. "मूर्खा! तीस वर्सं माझ्यासंगं राहून नाव घेऊन इचारतोस? मग ती हाव म्हनली का न्हाई म्हनली, त्याला काय किंमत? ती खोटं बोलली हे तुला कुनी सांगितलं?" ती खोटं बोलली हे त्याला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. तो 'हाव' त्यानं आपल्याच तोंडच्या जुन्या 'हाव'वरून ओळखला होता. त्याच्या कपाळाला घाम फुटला. पुसायला त्यानं खांद्याकडं हात नेला तर खांदा मोकळा. दस्ती? दस्ती बसमध्ये राहिली, बुडाखाली. अहमदपूरपासून तिच्यावर तो बसला होता. अहमदपूरपासून वास नव्हता. त्याचा हात खांद्यावर तसाच राहिला. पार्वतीनं ती कुठून काढली होती? माळ्याखालच्या खुंटीवरून. आणि दारात उभी राहून ती वर बघत होती.

त्यानं फोन काढला, तो मनिषानं घरी लावून दिला आणि आवाज मोठा करून मधे ठेवला. पलीकडून पार्वती झोपेतल्या आवाजात म्हणाली, "पोचले का?" दुपारचं ती माळ्याखालीच चटई टाकते, तिथं सावली असते.

"पोचलो. आडवी हाईस का?"

"हाव."

"उठून बस. अन् मला सांग, काय येतंय?"

"काय येतंय म्हंजे? कशाचं?"

"म्या काई सांगणार न्हाई. नाक वर कर अन् जे येतं ते सांग. मला बरं वाटावं मनून सांगू नको."

फोनमध्ये नुसती खोली ऐकू आली, पंख्याचा आवाज, लांब कुठंतरी भाजीवाला. मग तिनं श्वास ओढला तो ऐकू आला. नागसेननं पंचाक्षरीचा हात धरला होता हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

"तुमच्या डुटीच्या कपड्याचा," पार्वती म्हणाली.

"काय?"

"रातपाळीवरून यायचे तवा गाठोडं सोडलं की यायचा तसा. सगळ्या दिवशी न्हाई. भिंत घालून यायचे त्या दिवशी. दोनदा साबण लावला तरी जायचा न्हाई की. तसा."

दोघं म्हातारे एकमेकांकडं बघत राहिले. वणीच्या क्वार्टरमध्ये नळाखाली बसून तिनं ते कपडे तीस वर्षं आपटले होते. आगीच्या तुकडीत दोनच नाकं आहेत असं हे दोघं समजून चालले होते. "कुठून येतो?" नागसेननं विचारलं, आणि त्याचा आवाज आपोआप खालचा, कामाचा झाला. "वरून. माळ्यावरून." "माळ्यावर काय हाय?" "काय आसणार? तुमची ट्रंक, जुनी चाळण, बंब पेटवायच्या चिंध्यांचं पोतं." "कसल्या चिंध्या?" "तुमच्या गुडघ्याच्या. जवसाच्या तेलानं कशा भुरभुर पेटतात, मनून ठेवते. दाबून दाबून भरलंय."

"जवस!" पंचाक्षरी ओरडला. खाणीच्या वर्कशॉपात तेलकट चिंध्यांसाठी झाकणाचा लोखंडी ड्रम असायचा, त्याला लाल रंग; तेल पिलेला कपडा दाबून ठेवला की कोळशासारखाच आपसूक तापतो, हे पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. नागसेननं कपाळावर हात मारून घेतला. पत्र्याखाली, एप्रिलात, पोत्यात दाबून, आणि त्याच्याखाली ही झोपलेली! कोळसा, कोळसा करत बसला तो, आणि आग आपल्याच गुडघ्यांची होती. "पार्वती, आदी बाहेर हो. आरतीच्या मालकाला बोलव." "आवो, बादली भरलेली हाय, वर जाऊन वतू का?" "न्हाई!" दोघं एकदम ओरडले. "पाणी वतायला तोंड सोडशील पोत्याचं. तोंड सोडलं की वारं गेलं. सोडू नको, झटकू नको, बगू बी नको. पत्र्याची कोठी रिकामी कर." "कोठीत ज्वारी हाय!" "वत अंगणात." "खाली? मातीत?" "वत म्हणतो ना!"

मग नुसते आवाज. ज्वारी ओतल्याचा लांबलचक सरसर आवाज. आरतीच्या नवऱ्याचं "शिडी धरा मावशी." धप्प. कुणीतरी खोकलं. आरती किंचाळली, "धूर! मावशी, बुडातून धूर निघून राहिला!" नागसेन खुर्चीवरून उठला आणि कुठं जायचं न कळून तसाच उभा राहिला. एवढ्या लांबून हात पोचत नव्हता. पंचाक्षरी खुर्चीतूनच फोनला सांगत होता, "पोतं हाय तसं कोठीत सोडा. झाकण घाला. माती भिजवा अन् कडा लिंपा. कडा!" तिला कोठीच्या कडा लिंपायला शिकवायची गरज नव्हती. दर साली ज्वारी भरली की ती कोठीचं झाकण मातीनं लिंपून घेते, किडा-मुंगी जाऊ नये म्हणून. ओल्या हाताचा चप-चप आवाज यायला लागला, सावकाश, गोल फिरत. नागसेनला तो आवाज ओळखीचा वाटला. करणीचा नव्हता, हाताचा होता.

"लिंपलं," ती दम टाकत म्हणाली. "पर लावली की लगेच वाळून राहिली माती. भेगा पडून राहिल्या."

"पडू दे. भेग पडली की वरून पुन्हा लाव. उघडायचं न्हाई."

"कवापातूर?"

"म्या येईस्तोवर."

पंचाक्षरीनं डोळे मिटून घेतले होते. मनिषाच्या हातातला चहा निवला होता. नागसेन खाली बसला, तेव्हा कुठं त्याला कळलं की आपण रडतोय, आणि पुसायला दस्ती नाही. डोकं ठिकाणावर होतं. सोमवारचा फोटो नको, कुलूप नको. हे सगळं सांगावं, नाहीतर निदान काहीतरी बरं बोलावं म्हणून त्यानं फोन तोंडाजवळ नेला आणि त्याला एवढंच सुचलं, "पार्वती, तुला इतके दिवस वास येत होता, तर तू बोलली कामून न्हाईस?"

फोनमध्ये लिंपणाचा हात थांबला.

"बोलले की," ती म्हणाली. "तुमी इचारलं तवा म्या हाव म्हणलं होतं."